रुग्णाला बोलतं करायला शिकणारे ऑनलाइन गट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्राथमिक आरोग्यसेवेतली माणसं ऑनलाइन भेटतात, आपल्या केसेसवर बोलतात आणि रुग्ण सक्षमीकरण, म्हणजे आपल्या आजाराबद्दल रुग्णाला समजून घेता, बोलता आणि ठरवता येणं, याविषयी एकमेकांकडून शिकतात, अशा गटांबद्दल हे आहे. उपकेंद्रातले सामुदायिक आरोग्य अधिकारी (सीएचओ), प्राथमिक आरोग्य केंद्रातले (पीएचसी) वैद्यकीय अधिकारी, आरोग्यसेविका, आरोग्यसेवक, आशांच्या कामावर देखरेख ठेवणाऱ्या गटप्रवर्तक, आशाताई आणि गावात स्वतःचा दवाखाना चालवणारे डॉक्टर या सगळ्यांकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. अशा गटात मी आधी सभासद म्हणून बसलो आणि नंतर गट चालवायला लागलो. त्यामुळे उत्तरांत माझी मतं डोकावतील, ती माझी म्हणूनच वाचा.

रुग्ण सक्षमीकरण म्हणजे जनजागृतीच ना?

जनजागृती त्यातला छोटा भाग झाला. बीपीच्या पेशंटला आपण पोस्टर दाखवतो, मीठ कमी करा म्हणतो, गोळ्या देतो आणि पुढची तारीख लिहितो. एवढ्यानं तो सक्षम झाला असं म्हणता येत नाही. आपलं बीपी मागच्या वेळी किती होतं हे त्याला सांगता येतं का? गोळी कशासाठी आहे आणि एक दिवस राहिली तर काय करायचं, हे माहीत आहे का? आणि सगळ्यात अवघड म्हणजे, ‘डॉक्टर, या गोळीनं पायाला सूज येते म्हणून मी आठ दिवस घेतली नाही’ हे तो तुमच्या तोंडावर, न घाबरता सांगू शकतो का? हे शेवटचं जमलं की बाकीचं शिकवणं सोपं जातं. ते जमत नसेल तर पेशंट ‘हो हो, घेतो की’ म्हणतो, आपण कार्डावर टिक करतो आणि सहा महिन्यांनी तो पॅरालिसिस होऊन येतो.

‘डॉक्टर, तुम्हीच ठरवा काय ते’ म्हणणारे पेशंटही असतात. त्यांच्यावर निर्णय लादणं म्हणजे सक्षमीकरण, असा काहींचा समज झालेला दिसतो. तसं नाही. ‘तुम्ही ठरवा’ हाही त्यांचा निर्णयच आहे. फक्त तो समजून-उमजून घेतलेला आहे की घाबरून, एवढं बघायचं.

शिकायचं रुग्णानं आहे, मग गट आमचा कशाला?

कारण सवयी आपल्या आहेत. १९८४ मध्ये अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी डॉक्टर-पेशंटची संभाषणं टेप करून ऐकली. पेशंटनं तक्रार सांगायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला तोडत होते. आपल्याकडे तर वेळेचीच बोंब. ६७ देशांतल्या प्राथमिक तपासणीच्या वेळेचा आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं आणि भारताचा आकडा सुमारे २ मिनिटांचा. दोन मिनिटांत पेशंटचं ऐकायचं म्हटलं तर नेमकं काय ऐकायचं हे आपल्याला आधी कळायला हवं.

आपल्या रजिस्टरांची भाषाही बघा. गोळ्या न्यायला न आलेला माणूस ‘डिफॉल्टर’, म्हणजे बँकेच्या थकबाकीदारासारखा. तो का आला नाही हे लिहायला रकाना नसतो.

स्पेनमध्ये कॅटलोनिया, माद्रिद आणि कॅनरी बेटांवरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर आणि नर्सेसचा एक ऑनलाइन शिक्षणगट चालवून त्याची रीतसर चाचणी घेतली गेली. विषय हाच, दीर्घ आजाराच्या रुग्णांचं सक्षमीकरण. काही केंद्रं गटात घेतली, काहींचं काम नेहमीसारखंच चालू ठेवलं. वर्षभरानं मुख्य मोजमाप घेतलं ते रुग्णाच्या साखरेचं नव्हतं. डॉक्टर-नर्स रुग्णाकडे कोणत्या नजरेनं बघतात, याचं होतं. मला यातली निवड फार महत्त्वाची वाटते. आपली नजर तीच राहिली तर रुग्णाला किती का शिकवा, पुढच्या भेटीत आपणच त्याला गप्प करणार.

आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहेच. तोच चालणार नाही का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. तुमच्या त्या ग्रुपवर काल काय काय आलं ते आठवा. ‘आज सायंकाळी ५ पर्यंत लाईनलिस्ट पाठवावी.’ ‘खालील उपकेंद्रांचे रिपोर्टिंग शून्य आहे, खुलासा करावा.’ आभा कार्डाचं (डिजिटल आरोग्य ओळखपत्राचं) टार्गेट. शिबिराचे जिओ-टॅग फोटो. मध्येच कुणाचा तरी वाढदिवस आणि त्याखाली तीस पुष्पगुच्छ. तालुका आरोग्य अधिकारी तिथे आहेत, कधीकधी डीएचओ (जिल्हा आरोग्य अधिकारी) साहेबही. अशा ठिकाणी एखादी आरोग्यसेविका लिहील का, की ‘माझ्या तीन गरोदर माता लोहाच्या गोळ्या चुलीत टाकतात, मला काय करावं सुचत नाही’? लिहिलं तर पहिला मेसेज येईल, ‘नावे पाठवा.’

तो ग्रुप वाईट आहे असं नाही, त्याचं काम वेगळं आहे. वरून खाली आदेश आणि खालून वर आकडे पाठवायला तो काढला. शिकण्यासाठी दुसरी जागा लागते, जिथे ‘मला जमलं नाही’ म्हणता येतं. तीही व्हॉट्सॲपवर असू शकते, माध्यमाचं काही नाही. मात्र तीन गोष्टी पाळा. त्या गटात आकडे मागायचे नाहीत, आदेश टाकायचे नाहीत आणि तिथे सांगितलेली चूक कर्मचाऱ्याच्या गोपनीय अहवालापर्यंत पोचवायची नाही. तिसरी गोष्ट साहेबांकडून आधीच, सगळ्यांसमोर, तोंडी वदवून घ्या. एका तालुक्यात हे केलं नव्हतं. दुसऱ्याच बैठकीतली केस ‘कारणे दाखवा’ नोटिशीत उगवली आणि तिसऱ्या बैठकीला गट चालवणारा एकटाच स्क्रीनवर होता.

ही कल्पना आली कुठून?

‘कम्युनिटी ऑफ प्रॅक्टिस’ हा शब्द जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांनी १९९१ मध्ये रूढ केला. माणसं काम करता करता एकमेकांकडून कशी शिकतात ते त्यांनी मांडलं, आणि त्यांच्या उदाहरणांत मेक्सिकोतल्या युकातानच्या सुईणी होत्या. आजी-आईच्या मागे हिंडत मुलगी सुईणपण उचलते, तिला कुणी वर्गात बसवत नाही. आपल्याकडच्या सुईणीही अशाच शिकल्या.

आरोग्यसेवेतलं त्याचं ऑनलाइन रूप गाजलं ते अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातून. तिथल्या विद्यापीठातले यकृततज्ज्ञ डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट एको’ सुरू केला. हेपटायटिस-सीचे पेशंट शेकडो किलोमीटरवरून यायचे आणि तारखेसाठी महिनोन्‌महिने थांबायचे. पेशंटना शहरात आणण्याऐवजी त्यांनी खेड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टर-नर्सना व्हिडिओवर आठवड्याला एकत्र बसवून केसेसची चर्चा सुरू केली. २०११ मध्ये ४०७ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के बरे झाले, खेड्यांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के. बंगळुरूच्या निम्हान्सनं हीच पद्धत मानसिक आरोग्य आणि व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणासाठी वापरली.

पण महाराष्ट्रातल्या माणसाला खरं उदाहरण हवं असेल तर जामखेडचं घ्यावं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तिथे काम सुरू केलं. गावांनी निवडलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या नेमानं जामखेडला जमत, आपल्या गावातली अडचण सांगत आणि एकमेकींकडून शिकून परत जात. इंटरनेट नव्हतं, एसटी होती. आपण स्क्रीनवर जे करू बघतोय त्याचा गाभा तोच आहे.

गटात प्रत्यक्षात काय होतं? एखादी बैठक सांगाल?

पंधरा दिवसांतून एकदा, एक तास. दुपारी तीन ते चार बरं पडतं, ओपीडी उरकलेली असते. दहा-पंधरा जण पुरे. पंचवीसच्या वर गेलं की त्याची व्हीसी (व्हिडिओ कॉन्फरन्स) होते, म्हणजे सगळे कॅमेरा बंद करून जेवतात. सुरुवातीला दहा मिनिटं कुणीतरी एक छोटा मुद्दा मांडतं, मग एक किंवा दोन केसेस. बस्स.

एक केस सांगतो, तपशील बदलून. बावन्न वर्षांच्या बाई, शेतमजूर, पाच वर्षांपासून मधुमेह. साखर २८०च्या खाली येत नव्हती. केस मांडणारे वैद्यकीय अधिकारी म्हणाले, ‘गोळ्या वाढवल्या, भात बंद सांगितला, काउन्सेलिंग तीनदा झालं. ऐकतच नाहीत.’ पहिली वीस मिनिटं आपण सगळे करतो तेच झालं. कुणी औषध बदला म्हटलं, कुणी इन्सुलिन, कुणी कुटुंबीयांना बोलवा. मग सूत्रसंचालकांनी नेहमीचा प्रश्न टाकला, ‘त्यांचा दिवस कसा जातो, कुणाला माहीत आहे?’

बराच वेळ शांतता. मग त्या गावच्या आशाताईंनी माईक सुरू केला. बाई सकाळी सहाला घर सोडतात आणि भाकरी खातात ती अकराला, बांधावर. ‘गोळी सकाळी’ असं सांगितलंय म्हणून सकाळी सहाला घेतात, उपाशीपोटी. नऊ वाजता खुरपताना घाम फुटतो, हातपाय थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून कामाच्या दिवशी गोळी घेत नाहीत, घरी असल्या तरच घेतात. गोळी साखर पाडणारी होती, आणि उपाशीपोटी ती जेवढी पाडायची तेवढी पाडत होती. बाईंनी स्वतःचा जीव वाचवायला जे केलं त्याला आपण ‘ऐकत नाहीत’ म्हणत होतो.

डॉक्टरांनी विचारलं, ‘ताई, हे आधी का नाही सांगितलं?’ ताई म्हणाल्या, ‘कुणी विचारलंच नाही.’

पुढे बाईंना बोलावून त्यांनाच विचारलं गेलं की गोळी कधी घेणं जमेल. भाकरीच्या फडक्यात बांधून न्यायची आणि खायला बसलं की घ्यायची, हे त्यांनी सुचवलं. औषधाचा डोस आणि वेळ डॉक्टरांनी त्याप्रमाणे बसवली. थरथर सुटली तर काय खायचं आणि कुणाला फोन करायचा हेही ठरलं.

डॉक्टरांसमोर नर्स, आशा बोलतात का?

आपोआप बोलत नाहीत. माझ्या मते हा सगळ्या विषयाचा गाभा आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

आपली उतरंड पक्की असते. डॉक्टर, मग सीएचओ, मग सिस्टर (आरोग्यसेविका), मग आशा, आणि सगळ्यांच्या खाली पेशंट. वरच्यानं खालच्याला जसं वागवलं तसंच तो त्याच्या खालच्याला वागवतो. ज्या आरोग्यसेविकेला मासिक सभेत ‘तुम्हाला काय कळतं, सांगितलं तेवढं करा’ ऐकावं लागतं, ती लसीकरणाच्या सत्रात आईला नेमकं तेच वाक्य ऐकवते. मी ते ऐकलं आहे, शब्दही तेच होते. तिला आपण रुग्ण सक्षमीकरणाची दहा मॉड्यूल पाठवली तरी काय होणार? स्वतःचं मत कुणी विचारलं तर कसं वाटतं याचा अनुभव तिला आधी यायला हवा. तो अनुभव देणं हा गटाचा पहिला उपयोग, केसची चर्चा दुसरा.

यासाठी काही साध्या गोष्टी उपयोगी पडल्या. बोलण्याची सुरुवात खालून करायची, आधी आशा, मग सिस्टर, शेवटी डॉक्टर. एकदा डॉक्टरांनी निदान सांगून टाकलं की बाकीच्यांना मान डोलावण्याशिवाय काही उरत नाही. दुसरं, पहिली केस गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ माणसानं मांडायची, आणि तीही फसलेली. वीस वर्षं नोकरी झालेले सर जेव्हा म्हणतात ‘इथे माझं चुकलं’, तेव्हा नव्या सीएचओच्या खांद्यावरचं ओझं उतरतं. तिसरं, ‘मॅडम’, ‘सर’ खुशाल म्हणा, ती आपल्याकडची रीत आहे. पण आशाताईंना ‘ए आशा’ म्हणणाऱ्याला त्याच बैठकीत, हसत का होईना, टोका.

ओपीडीत ऐंशी पेशंट असतात. हे सगळं करायला वेळ कुठून आणू?

सगळ्यांसोबत करू नका. रोज एकच पेशंट निवडा. ज्याचं बीपी, साखर किंवा टीबीची गोळी पुन्हा पुन्हा गडबडते आहे, तो. आज जास्तीची तीन मिनिटं दिलीत तर पुढच्या सहा फेऱ्या वाचतात. हे मी हिशेबानं नाही, अनुभवानं सांगतोय.

आणि नाहीतरी आपण बोलतो त्यातलं किती उरतं? डॉक्टरनं सांगितलेलं ४० ते ८० टक्के बोलणं पेशंट लगेच विसरतो, असं यावरच्या संशोधनाच्या आढाव्यांत सांगितलं जातं. म्हणजे पाच सूचना देऊन दोनच टिकणार असतील तर दोनच द्याव्यात, आणि त्या टिकल्या का ते तपासावं.

ते तपासायचं कसं? ‘समजलं का?’ विचारतोच की आम्ही.

‘समजलं का?’ला आपल्याकडे एकच उत्तर आहे, ‘हो.’ शाळेपासूनची सवय. त्याऐवजी पेशंटलाच सांगायला लावायचं. मात्र परीक्षा घेतल्यासारखं वाटू द्यायचं नाही. जबाबदारी आपल्याकडे घ्यायची: ‘मी घाईत बोललो, नीट सांगितलं की नाही कळेना. घरी गेल्यावर सूनबाईंना गोळ्यांचं कसं सांगाल?’ सूनबाई, मुलगा, शेजारीण, जे असेल ते नातं घाला. म्हातारी मंडळी डॉक्टरांना सांगायला बुजतात, पण सुनेला कसं सांगणार हे झकास रंगवून सांगतात आणि त्यातच चूक सापडते. एका आजोबांनी ‘जेवणानंतर’चा अर्थ ‘ज्या दिवशी मटण असेल त्या दिवशी’ असा लावला होता. घरात त्याच दिवशी ‘जेवण’ म्हणायची पद्धत, एरवी नुसतं ‘तुकडा खाणं’.

आहाराचंही तसंच. ‘मीठ कमी’ म्हटलं की लोक भाजीतलं मीठ कमी करतात आणि ठेचा, लोणचं, पापड, खारी मिरची तशीच राहते. आधी ताटात काय असतं ते विचारायचं. मग ‘यातलं काय सोडणं जमेल?’ ही निवड त्यांची. आपण चार गोष्टी बंद केल्या तर एकही पाळली जात नाही. त्यांनी एक निवडली तर ती बहुतेक टिकते.

आमच्या गटात पहिले दोन महिने फक्त याच एका सवयीवर गेले. प्रत्येकानं पंधरा दिवसांत एका पेशंटवर करून बघायचं आणि आपण वापरलेलं वाक्य गटात सांगायचं. या वाक्यांची वही झाली. कुठल्याही छापील पुस्तिकेपेक्षा ती जास्त वापरली जाते.

आमच्याकडे पेशंट मराठी बोलतच नाहीत.

मेळघाटात कोरकू, नंदुरबारकडे भिली आणि पावरी, भामरागडला माडिया. अशा ठिकाणी दुभाष्या बहुतेक आशाताई किंवा पेशंटचा शाळकरी नातू असतो. नातवाकडून आजीच्या अंगावरून जाण्याबद्दल विचारू नका. आणि आशाताईंना सांगा की पेशंट जे बोलला ते तसंच सांगा, ‘त्या नाही म्हणतात’ एवढंच नको. ‘नाही’च्या आधी ती बाई दोन मिनिटं बोलत होती, त्यात काय होतं? गटात स्थानिक भाषेतली आजाराची नावं गोळा करा. चक्कर, धाप, जळजळ यांना तिथे काय म्हणतात हे समजलं की निम्मं काम होतं.

पेशंटनं सगळं समजून घेऊन चुकीचाच निर्णय घेतला तर?

घेतात. मुलीच्या लग्नापर्यंत ऑपरेशन नको, पावसाळा होऊ दे, आधी देवऋष्याकडे जाऊन येतो. सगळं नीट सांगून, धोका स्पष्ट करून, ते कार्डावर लिहून, ‘मन बदललं तर दार उघडं आहे’ असं म्हणून थांबायचं. पुन्हा आला की ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ म्हणायचं नाही. हे वाक्य गिळणं मला अजून नीट जमत नाही.

सगळीकडे निवड नसतेच, हेही खरं. झटके आलेल्या गरोदर बाईला, सर्पदंशाला, छातीत कळ येणाऱ्याला पर्याय समजावत बसायचं नसतं, १०८ बोलवायची असते. टीबीसारख्या आजारात एकाच्या निर्णयाची झळ घरातल्या सगळ्यांना बसते. तिथे आग्रह धरावा, पण आग्रहाचं कारण सांगून.

रुग्णांना त्यांचे हक्क कळले तर तक्रारी आमच्यावरच येतील ना?

काही येतील. महाराष्ट्रात २००७ पासून राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखाली आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेखीचं काम झालं. गावांनी पीएचसीचं प्रगतिपुस्तक भरलं आणि जनसुनवायांमध्ये लोक अधिकाऱ्यांसमोर उभे राहून बोलले. सुरुवातीला कर्मचारी धास्तावले. पण पुष्कळ तक्रारी औषधं नसणं, रिक्त पदं, बंद पडलेली रुग्णवाहिका अशा होत्या. म्हणजे ज्या गोष्टी सिस्टर अर्जांत लिहून थकल्या होत्या त्याच. लोकांनी त्या मोठ्यानं म्हटल्यावर काही ठिकाणी हलल्या.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानं २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली, आणि महाराष्ट्रात २०२१ च्या सुधारित नियमांनी खासगी नर्सिंग होमसाठी रुग्णहक्कांची सनद आणली. ती गटात एकदा मोठ्यानं वाचा. आपल्यातले अर्धे लोक ती पेशंट म्हणून पहिल्यांदा वाचतील.

पेशंटचे फोटो, रिपोर्ट गटात टाकायचे का?

नाव, गाव, चेहरा, आधार किंवा आभा क्रमांक, केसपेपरचा फोटो, यांतलं काहीही नको. २०२३चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा आहेच, पण त्याही आधी गाव लहान असतं हे लक्षात ठेवा. ‘अमुक उपकेंद्रातली एचआयव्हीची गरोदर माता’ एवढं म्हटलं तरी सगळ्यांना कळतं. वय थोडं बदला, व्यवसाय बदला, केस दोन महिने शिळी होऊ द्या. आणि हा गट सल्लामसलतीचा आहे, उपचाराचा नाही. तातडीचा सल्ला हवा असेल तर ई-संजीवनी (सरकारची ऑनलाइन वैद्यकीय सल्ला सेवा) किंवा वरच्या रुग्णालयाचा फोन. तज्ज्ञ काही सुचवतील, पण चिठ्ठीवर सही करणारा जबाबदार असतो.

गटात पेशंटना घ्यावं का?

कायमचं नको, तेही अवघडतात आणि आपणही. पण तीन-चार महिन्यांतून एकदा पाहुणा म्हणून एखाद्या अनुभवी पेशंटला जरूर बोलवा. त्याची केस चर्चेला घ्यायची नाही. तो शिकवायला आलाय. दहा वर्षं स्वतःच इन्सुलिन टोचून घेणाऱ्या एका एसटी कंडक्टरनं ड्युटीवर इन्सुलिन थंड ठेवायला ओल्या फडक्यातलं मडकं आणि पाण्याची बाटली यांवर जे सांगितलं, ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

सगळे नुसते ऐकतात, बोलत कुणीच नाही.

ऑनलाइन जगाचा हा जुना अनुभव आहे. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ढोबळ प्रमाण मांडलं: शंभरात नव्वद नुसते बघणारे, नऊ अधूनमधून बोलणारे, एक सतत लिहिणारा. गप्प बसलेला शिकत नाही असं नाही. तरी गट लहान ठेवला आणि पुढच्या बैठकीची केस कुणाची हे आधीच नावानिशी ठरवलं तर प्रमाण बदलतं. बैठकीच्या आदल्या दिवशी एक फोन करा. मेसेजनं जे होत नाही ते फोननं होतं.

क्रेडिट पॉइंट मिळतात का?

महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण करताना डॉक्टरांना पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, आणि ते कौन्सिलनं मान्यता दिलेल्या कार्यक्रमांचेच धरले जातात. तुमचा गट आपोआप त्यात बसत नाही. मान्यताप्राप्त संस्थेमार्फत अर्ज करता येतो. पॉइंटसाठी माणसं येतात आणि पॉइंट मिळाले की जातात, म्हणून मी त्याच्या फार मागे लागत नाही.

उपयोग होतोय हे कसं कळायचं?

मोजपट्ट्या आहेत. रुग्णाची तयारी जोखायला ज्युडिथ हिबर्ड आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये एक प्रश्नावली आणली, ती पुढे तेरा प्रश्नांची झाली. आपली नजर मोजायला एडवर्ड क्रुपाट यांची अठरा विधानांची पट्टी आहे. रुग्णाशी माहिती आणि अधिकार वाटून घेणं आणि माणूस म्हणून त्याची काळजी करणं, असे तिचे दोन भाग. संशोधन करायचं असेल तर वापरा, पण इंग्रजी प्रश्नांचं शब्दशः मराठी करून नव्हे.

रोजच्या कामात मी साध्या खुणा बघतो. पेशंट ‘गोळी सोडली होती’ असं स्वतःहून सांगायला लागले का? न विचारता मागचं बीपी कार्ड पुढे करतात का? आणि गटात आशाताईंनी डॉक्टरांना ‘सर, मला नाही तसं वाटत’ असं म्हटल्याला किती दिवस झाले?

रेंजच नसते. मग?

मग बैठक एक तास आधी, जिथे रेंज येते त्या टेकडीवर किंवा पीएचसीच्या गच्चीवर. खरंच असं होतं. व्हिडिओ बंद, फक्त आवाज. तेही जमलं नाही तर केस तीन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजनं आणि उत्तरं दोन दिवसांत, प्रत्येकाला सवड होईल तशी. लांब टाइप करायला सांगू नका. बोलायला सांगा. आणि तीन महिन्यांतून एकदा सगळ्यांनी प्रत्यक्ष भेटा, जेवण ठेवा. स्क्रीनवर सहा महिने न बोललेली एक सिस्टर अशाच एका दुपारी पंगतीत वाढता वाढता बोलायला लागली आणि वाढायचं राहून गेलं.